मशीन कोणाच्या हाती

"मोठी घ्या! मोठीच घ्या!" आमच्या जंगल कामगार सोसायटीचे अध्यक्ष झिटूजी कुमरे ताडपत्रीभोवती प्रदक्षिणा घालत होते. "मोठी मशीन म्हंजे सोसायटीची इज्जत. लहान घेऊन का करता, दात घासाले दातन तोडता?"

ताडपत्रीवर दोन मशिनी मांडल्या होत्या. लाकूड कापायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या. दोन्ही केशरी, दोन्ही नव्याकोऱ्या. एकीची पट्टी हातभर, दुसरीची दीड हात, आणि पट्टीच्या कडेनं दात्यांची चेन. सगळं खैरटोला गाव लोटलं होतं. पाण्याला निघालेल्या बायका रिकाम्या गुंड्या कमरेवर घेऊन तिथंच उभ्या राहिल्या होत्या.

"अध्यक्षजी," मेश्राम मास्तर शांतपणे म्हणाले, "तुम्ही चप्पल पायाच्या मापानं घेता, का इज्जतीच्या मापानं?"

बायका फिस्सकन हसल्या. झिटूजींनी उगाचच घसा खाकरला.

मेश्राम मास्तर चंद्रपूरहून आले होते, तीन दिवसांत आम्हाला मशीन शिकवायला. बारीक अंगाचे, चष्मेवाले, अन् बोलणं असं की जिभेवर कायम लिंबू पिळून ठेवलेलं. "हे पाहा," ते म्हणाले, "तुमच्या कुपात, या तोडीच्या पट्ट्यात, बहुतेक बारीक साग आहे. तिथं मोठी मशीन घेऊन दिवसभर वाकाल, तर चार वाजेपर्यंत कंबर हातात येईल. अन् ऐनाचं जाड झाड आलं, तर लहान मशीन त्यात गुदमरते. आधी झाड पाहायचं, मग मशीन उचलायची. मशीन पाहून झाड शोधायचं नाही. अन् एकट्यानं मशीन घेऊन जंगलात कधीच जायचं नाही."

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी पहिल्या रांगेत उभा होतो अन् मला काडीचं ऐकू येत नव्हतं. खरं सांगतो, लग्नात नवरीकडेसुद्धा मी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. नवरी शेजारीच उभी होती, तिनं कोपरानं ढोसलं.

"तोंड मिटा जी," इंद्रा म्हणाली. "माशी जाईन."

लहानपणापासून मला यंत्राचं वेड. सायकली, रेडिओ, गिरणीचं इंजिन, गावात जे जे बंद पडलं ते मी उघडलं. त्यातलं अर्धं परत सुरू झालं. पण पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर आरा. आरा म्हणजे दोन मुठींची माणसाएवढी लांब करवत. एका मुठीला मी, ऋषी आतराम, गावाचा रुशा. दुसऱ्या मुठीला चैतू नैताम. सोळा वर्षं आम्ही एकाच आऱ्यावर. जंगल कामगारांच्या सोसायटीत जोड्या पुष्कळ होत्या, पण रेंजर साहेबसुद्धा म्हणायचे, जाड झाड असलं की रुशा-चैतूला बोलवा. आऱ्याचा कायदा सोपा आहे. मी ओढायचं, मग सैल सोडायचं. मग त्यानं ओढायचं. ढकलायचं कोणीच नाही. ज्यानं ढकललं त्याचा आरा वाकला.

हा कायदा हाडात मुरलेला. त्यानं पहिल्याच दिवशी माझी फजिती केली.

आधी झिटूजींची झाली. मशीन कशावर चालवून पाहायची, असा प्रश्न आला, तर त्यांनी उत्साहात समोरच्या झाडाकडं बोट केलं. ते निघालं मोहाचं. म्हातारी सोनाबाई गुंडी खाली ठेवून पुढं आली. "मोहाले हात लावून पाह्य झिट्या! मशीनसंगं तुलेबी नाल्यात फेकीन." मोह आम्ही तोडत नाही. तो खायला घालतो. अध्यक्ष असले तरी झिटूजी तिचा भाचाच, मुकाट मागं सरले. मग सागाचा एक पडलेला ओंडका घेतला.

"तू ये," मास्तरांनी मला बोलावलं.

लहान मशीन हातात आली. दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ती अशी गुरगुरली की माझ्या छातीत गुदगुल्या झाल्या. पट्टी लाकडाला लावली अन् भुसा उडाला. मी सवयीनं मशीन मागं ओढली, अन् थांबलो.

"का थांबला?"

"वाट पाहून रायलो, मास्तर."

"कोणाची?"

"चैतूची."

हशा पिकला. बघतो तर ओंडक्याच्या पलीकडं चैतू खरंच वाकलेला, दोन्ही हात पुढं करून, आपल्या ओढीची वाट पाहत. गावाला हसायला महिनाभर पुरलं ते. मास्तरांनीही चष्मा काढून डोळे पुसले.

पण त्या दिवशी दुपारी झिटूजींनी जे सांगितलं, त्यानं माझं हसू आटलं. सोसायटी एकच मशीन घेणार. मशीन आली की आऱ्याच्या जोड्या बंद. तिसऱ्या दिवशी मास्तर एक नाव सांगतील, तो गावातच बाराही महिने कामावर राहील. बाकीच्यांनी आपापलं पाहून घ्यावं. आपापलं पाहणं म्हणजे काय, ते आमच्याकडं लेकरालाही ठाऊक. गाठोडं बांधायचं अन् तेलंगणात मिरची तोडायला जायचं, ते चार महिने तिकडंच.

"तुमच्या दोघांतलाच कोणी होईन," झिटूजी म्हणाले. "बाकीच्यायले तं मशीनचा आवाज आयकूनच हगवण लागली."

  घरी आल्यावर अंगणात इंद्रानं हातपाय धुवायला पाणी दिलं अन् समोर बसली.

"येमुनेले सातवा लागला," ती म्हणाली.

यमुना ही चैतूची बायको. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवस झाले, देवऋषी झाले, नागपूरचा दवाखाना झाला, लोकांचं बोलणं झालं. मग सगळ्यांनी आशा सोडल्यावर तिचे पाय जड झाले. चैतू तेव्हापासून जमिनीवर चालतच नव्हता. येता-जाता आभाळाला सलाम ठोकायचा.

"चैतूभाऊ मिरचीले गेले, तं लेकरू यायच्या येळेले बाप कोठी? तेलंगणात, खम्मामले," इंद्रा म्हणाली. "एक सांगू? तुमी हरा."

 तिनं माझ्याकडं पाहिलं अन् आवाज खाली आणला. "मले मालूम हाये तुमचा जीव अडकला त्या मशीनीत. मले का दिसत नाई? पण तुमी हरा जी. आपण जाऊ मिरचीले. दोघंबी जाऊ."

मला मशीन पाहिजे होती. अशी पाहिजे होती की सांगता सोय नाही. पण चैतूच्या पोराच्या वाटेत मी उभा राहू? मी म्हटलं, "हाव. हारतो."

आता हरणं सोपं असेल असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आम्हा दोघांना कुपात घेऊन गेले. बारीक सागाची रांग दाखवून म्हणाले, "ऋषी, मशीन निवड."

मी शहाण्यासारखा विचार केल्याचं सोंग केलं अन् मोठी उचलली.

"का?"

"मोठी हाये म्हून."

"भेंडी चिरायला कुऱ्हाड घेतो का घरी?" मास्तर म्हणाले. मग चैतूला एका जाडजूड ऐनासमोर उभं केलं. दोन माणसांच्या मिठीत न मावणारा ऐन. "तू निवड."

मला हायसं वाटलं. इतका सोपा प्रश्न! मोठी मशीन उचलायची, झालं. चैतूनं डोकं खाजवलं, एक चक्कर मारली, अन् लहान मशीन उचलली.

"का?" मास्तरांचा आवाज चढला.

"हलकी हाये जी."

मी कपाळावर हात मारला. बह्याडा! काल मास्तरांनी गळा फाडून हेच सांगितलं होतं. मला वाटलं, बिचारा, यमुनेच्या काळजीनं याचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणजे मला आणखी वाईट हरावं लागणार.

मग चेन बसवायची परीक्षा. चेनच्या दात्यांना दिशा असते. वरच्या बाजूचे दाते पट्टीच्या टोकाकडं तोंड करून पाहिजेत. मी मुद्दाम उलटी बसवली. मशीन सुरू केली, लाकडाला लावली. कापणं दूर, नुसतं चर्र चर्र अन् धूर. चुलीत ओली लाकडं घातल्यागत धूर. मास्तर खोकत खोकत ओरडले, "बंद कर! लाकूड कापायचंय, भाजायचं नाही!" अन् माझ्या हातून मशीन घेऊन त्यांनी चैतूसमोर चेन उलगडली, सुलटी लावून दाखवली, परत काढली. "पाहिलं? आता तू लाव."

चैतूनं लावली. उलटी.

मी त्याच्या मागं सरकून कानाशी कुजबुजलो, "उलटी हाये बे!"

"राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे काय? फिरव!"

"तू आपलं पाह्य ना."

परत धूर. परत खोकला. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून मास्तरांना असं काही छळलं की त्यांनी डबा उघडून तसाच बंद केला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं असतं, चैतू कोरं पेट्रोल ओतायला निघाला. मास्तरांनी झडप घालून त्याचा हात धरला, नाहीतर इंजिन जळालं असतं. मग मी कानस उलटी धरून दाते घासले. चैतूनं चोक तसाच ठेवून पंधरा वेळा दोरी ओढली अन् घामाघूम होऊन म्हणाला, "मशीन खराब हाये वाटते." मला तर त्याची कीव येत होती. सोळा वर्षं ज्याच्या हातातला आरा कधी केसभर तिरका गेला नाही, त्याचे हे हाल! अन् मी मात्र लाजेनं मरत होतो, कारण माझ्या हातांना सगळं येत होतं. मशीनचा आवाज ऐकूनच मला कळायचं की चेन सैल आहे का घट्ट. पट्टीच्या टोकाशी लाकूड लागलं की मशीन उसळून माणसाच्या तोंडावर येते, तेवढी एक चूक मात्र माझ्याच्यानं होईना. माझ्या पट्टीचं टोक प्रत्येक वेळी आपसूक लाकडाबाहेर.

संध्याकाळच्या चहाला झिटूजी आले. "कोण पुढं हाये, मास्तर?"

"पुढं?" मास्तर म्हणाले. "अध्यक्षजी, हे दोघं मागं जायची शर्यत लावून बसलेत."

झिटूजींना वाटलं विनोद आहे. ते हसले.

तिसरा दिवस उजाडला. शेवटची परीक्षा सांडा नाल्यावर होती. वादळात उन्मळलेला एक ऐन नाल्यावर आडवा पडला होता. एका काठावर शेंडा टेकलेला, दुसऱ्या काठावर मुळं मातीच्या ढेकळासकट उभी, अन् मधला भाग पाण्यावर अधांतरी. खाली गुडघाभर पाणी. सगळं गाव दोन्ही काठांवर, फक्त यमुनेला इतकं चालवत नव्हतं म्हणून इंद्रा तिच्यापाशी गावातच थांबली होती. सोनाबाईनं येऊन नारळ ठेवला, हात जोडले. "पडलेलं झाड हाये, त्याले दुखत नाई, पण इचारून घ्यावं," ती म्हणाली.

मास्तरांनी खोडावर खडूनं रेघ मारली. "इथं कापायचं. कुठून सुरुवात करशील, ते तुझं तू ठरव."

आऱ्यावर हात चालवलेल्या कोणालाही हे विचारायची गरज नाही. दोन्ही टोकं टेकलेली, मधे लाकूड लोंबतंय. वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली. वरून नुसतं कापत गेलो तर खाच मिटते अन् पातं चिमटतं. वरून चार बोटं कापायचं, मग खालून वर. मला येत होतं. म्हणूनच मी ठरवलं, इथंच खेळ संपवायचा. वरून, एकसारखं. मोठी मशीन घेतली अन् घातली.

घर्रर्र आवाज, भुशाचा फवारा. पाव कापलं, अर्धं कापलं. मग लाकूड कुरकुरलं. मशीनचा आवाज बदलला, चेन थांबली, इंजिन गपकन बंद. मी ओढून पाहिली. ऐनानं पट्टी दाढेत धरली होती. हललीसुद्धा नाही.

 झिटूजी धोतर खोचून पुढं धावले. "अरे ओढा! ओढा तिले!"

"हात लावू नका!" मास्तर किंचाळले. "पट्टी वाकेल! नवी पट्टी यायला आठ दिवस!" त्यांनी डोक्याला हात लावला. दुसरी मशीन होती, पण ती लहान, अन् तीही अडकली तर? ती घालायची त्यांची हिंमत होईना. ते मटकन दगडावर बसले.

 चुकायचं होतं मला, पण मशीनचा बळी द्यायचा नव्हता. ती केशरी, नवी, बिचारी मशीन तिथं लाकडात रुतून उभी होती, अन् ते माझ्या हातानं झालं होतं. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात चैतू समोर आला. हातात आरा. सोसायटीच्या छपरीतून कधी आणला, मला कळलं नाही.  त्यानं एक मूठ माझ्यापुढं केली.

मी धरली.

मशीनपासून हातभर दूर आम्ही दुसरी रेघ धरली. दोघंही पाण्यात उतरून, मी खोडाच्या अलीकडं, तो पलीकडं. चैतूनं आधी एक दोर घेतला, मशीनच्या मुठीला गाठ मारली अन् दुसरं टोक वरच्या जांभळाच्या फांदीवरून घेऊन काठावरच्या माणसांच्या हाती दिलं. मग तो म्हणाला, "चाल."

ओढ, सोड. ओढ, सोड. चार बोटं गेल्यावर मी कमरेची पाचर काढून मागच्या खाचेत ठोकली, लाकूड मिटू नये म्हणून. परत ओढ, सोड. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. आऱ्याचा आवाज इतका सारखा चालला की काठावरच्या पोरी डोलायला लागल्या. सोनाबाई टाळ्या वाजवून ठेका धरू लागली. अर्ध्या तासानं लाकूड पहिल्यांदा तडकलं.

"हट!" चैतू म्हणाला, अन् आम्ही दोघं एकाच क्षणी उलट्या बाजूंना उड्या मारल्या. धाड! शेंड्याकडचा भाग पाण्यात. मोकळं झालेलं लाकूड सैलावलं, खाच उघडली, अन् मशीन सुटून दोराला लटकली. जांभळाच्या फांदीखाली पाळण्यासारखी झुलायला लागली.

दोन्ही काठांवर असा जल्लोष झाला म्हणून सांगू! झिटूजी नाचले. खरोखर नाचले, धोतरासकट.

अन् इथं माझं चुकलं. आनंदाच्या भरात मी सोंग विसरलो. झुलती मशीन पकडली, उतरवली, चेनमधला भुसा झटकला, बोटानं चेन ओढून पाहिली. सैल वाटली. खिशातल्या पान्यानं अर्धा आटा आवळली. पट्टी सरळ आहे का, एक डोळा मिटून पाहिलं. ब्रेक लावला, मशीन जमिनीवर ठेवली, मागच्या मुठीच्या कडीत पाय अडकवून एकच ओढ दिली. भुर्रर्र! पहिल्या ओढीला.

"रुशा, मुळांकडचं राह्यलं," चैतू ओरडला. "मास्तर, थ्या मुळापासून हटा! बुंधा कापला का मुळं मागं पडतात!"

मास्तर हटले. चैतूनं माझ्या हातातून मशीन घेतली. पाय फाकवून उभा राहिला, डावा हात सरळ, डोकं पट्टीच्या रेषेतून बाहेर. आता शेंड्याकडचा टेकू गेलेला, म्हणून आधी खालून चार बोटं, मग वरून खाली. लोण्यातून सुरी फिरवावी तसा बुंधा वेगळा झाला, अन् तो म्हणाला तसंच झालं, मुळांचं ढेकूळ धप्पकन मागं आदळलं. मास्तर मघाशी बसले होते त्या दगडावर.

चैतूनं मशीन बंद केली.  मग आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

मी म्हटलं, "तुले येते?"

तो म्हणाला, "तुले येते?"

मास्तर चहाचा कप घेऊन आमच्यासमोर आले. चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला. "बावीस वर्षं झाली मला शिकवताना," ते म्हणाले. "अडाणी माणूस दहा चुका करतो अन् एकदा चुकून बरोबर करतो. तुम्ही दोघांनी कालपासून एकदाही चुकून बरोबर केलं नाही. अन् ज्या चुकीनं जीव जातो, ती एक चूक दोघांनीही केली नाही. इतकं नेमकं चुकायला सगळं यावं लागतं रे लेकांनो."

आमच्या माना खाली.

"आता पुरे झालं. खरं सांगा. ज्याला मशीन पाहिजे, त्यानं हात वर करायचा."

मी हात मांडीला चिकटवून ठेवला. मनात म्हणत होतो, कर ना चैत्या, हात वर कर, तुझं लेकरू येऊन रायलं. अन् तो ठोंब्या उभाच. शेवटी मला राहवलं नाही. मी त्याचं मनगट धरलं अन् वर केलं. त्याच वेळी माझा हात वर गेला. चैतूनं माझं मनगट पकडून आभाळाकडं ताणलं होतं.

असे आम्ही दोघं उभे, एकमेकांचे हात वर धरून, अन् सोडायला कोणी तयार नाही.

"अरे, पण नाव एकच पायजे!" झिटूजी कागद घेऊन पुढं आले. "कोणाचं लिहू?"

"हात किती वर आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"दोन."

"मग दोन लिहा. मशीनमागं दोन माणसं लागतात, अध्यक्षजी. एक कापणारा, एक पाचर-दोर अन् नजर सांभाळणारा. तासाभरानं हात बधिर होतात, तेव्हा पाळी बदलायची. हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं. तुम्ही इज्जत मोजत होता."

"पण सोसायटीले दोन माणसं कशी—"

"झिट्या!" सोनाबाई म्हणाली. तेवढंच म्हणाली. झिटूजींनी दोन नावं लिहिली.

अन् माझे डोळे भरून आले. मी आयुष्यात इतका खुश कधी झालो नव्हतो, अन् लाज वाटायचं भानही राहिलं नाही. चैतूच्या खांद्यावर डोकं ठेवून भोकाड पसरलं, झालं.

घरी जाताना मात्र आमचं कडकडून भांडण झालं.

"मले धूर पाजला बे तू! वरून म्हणते, राहू दे!"

"अन् तू? भेंडी चिराले कुऱ्हाड! मले वाटलं, याचं टकुरं फिरलं."

"पण तू काहून हारत होता? तुले लेकरू होऊन रायलं, अक्कल हाये का?"

 चैतू म्हणाला, "पहिल्या दिवशी तू त्या मशीनकडं पाहत होता ना, तवा मी तुझ्याकडं पाहत होतो. सोळा वर्षांत तुह्यं असं थोबाड मी पाह्यलं नाई. मी घरी जाऊन सांगतलं, तं येमुना म्हणे, हारा तुमी. रुशाभाऊच्या हाती जाऊ द्या मशीन. तुमी मिरचीले गेले तं इंद्रा हाये माह्यापाशी."

मी रस्त्यात थांबलो. "येमुना म्हणे?"

"हाव."

"मले इंद्रानं सांगतलं, हारा म्हून."

आम्ही दोघं तसेच हापशीवर गेलो. इंद्रा हापसत होती, यमुना बाजूच्या दगडावर पोट सांभाळून बसली होती. दोघींच्या कानावर नाल्यावरची बातमी अजून आली नव्हती. चैतूनं सगळं सांगितलं, पहिल्या धुरापासून. दोघी आधी आमच्याकडं पाहत राहिल्या, मग एकमेकींकडं.

"तू बी सांगतलं होतं?" इंद्रानं विचारलं.

यमुनेनं मान हलवली अन् तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. ती दगडावर मागं-पुढं डोलत हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अन् तिला पाहून चैतू हसायला लागला, मग मी. गुंडी भरून वाहत होती, तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी इंद्रा हापशी सोडून धावली अन् तिनं यमुनेचं पोट दोन्ही हातांनी धरलं.

"हळू हास ना माय! आत्ताच बाहीर आणतं का त्याले?"

यमुना काही थांबेना.